पान नऊवरची म्हातारी

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

आजपासून रजा. दोन महिने, बिनपगारी. साहेबांना कारण विचारायची सवय आहे, म्हणून मीच आधी सांगून टाकलं की मी डिजिटल आर्टिस्ट होणार आहे. साहेब म्हणाले, बरं, पण जायच्या आधी त्या निळ्या गाडीचा रिपोर्ट संपव.

इतकी वर्षं विमा कंपनीत बसून ठोकरलेल्या गाड्यांचे फोटो बघतोय. दारावरचा पोचा जुना की नवा, हे मी नुसत्या फोटोवरून सांगतो. एवढी तयार नजर असलेला माणूस चित्रकार झाला नाही, तर नुकसान चित्रकलेचं आहे.

पेन टॅबलेट कालच आणला. थेट स्क्रीनवर काढता येतं. खोक्यावर एका मुलीने काढलेला ड्रॅगन छापला आहे. तसा साधारण मार्चपर्यंत जमेल.

योजना: पहिला आठवडा शरीररचना, दुसरा पर्स्पेक्टिव्ह, तिसरा रंग. मग पोर्टफोलिओ. मार्चमध्ये काम, एप्रिलमध्ये राजीनामा. वेळापत्रक तीन रंगांत केलं. फार देखणं झालं. दिवस त्यातच गेला, पण कलावंताला शिस्त लागतेच.

३ फेब्रुवारी

शरीररचना उद्यापासून. आज ब्रश जमवले. सॉफ्टवेअरमधले. कोळशाचा, खडूचा, ढगांचा, धुक्याचा. एक ब्रश असा आहे की नुसता टेकवला की आख्खं झाड उमटतं. दहा मिनिटांत जंगल तयार.

बायको हॉस्पिटलातून दमून आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे खांदे वळवते. तिला जंगल दाखवलं. म्हणाली, छान आहे, पण यात कोणीच कसं नाही. मी म्हटलं, माणसं नंतर येतात. ती म्हणाली, तोवर भांडी लावून घे.

५ फेब्रुवारी

ऑनलाइन कोर्स लावला. सर वयाने माझ्या पुतण्याएवढे. पहिला गृहपाठ: शंभर ठोकळे, हाताने, वेगवेगळ्या कोनांतून. मी काही ठोकळे शिकायला रजा घेतलेली नाही. तरी सरांचा मान ठेवायचा म्हणून एक ठोकळा नीट काढला, त्याच्या शंभर कॉपी केल्या, काही आडव्या केल्या आणि पाठवून दिलं.

सरांचा शेरा आला: सगळे ठोकळे जुळे भाऊ दिसतात, पुन्हा करा. काही लोकांना दुसऱ्याचा वेग सहन होत नाही.

९ फेब्रुवारी

मनगट धरलं. बायकोने हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, पेन आहे ते, हँडब्रेक नाही, इतकं आवळून काय धरतोस. तीन व्यायाम दाखवले. पट्टीही बांधून दिली. व्यायाम केले नाहीत, पट्टी मात्र ठेवली आहे. पट्टी बांधली की माणूस काम करणारा दिसतो.

दुखापतीमुळे आज चित्र नाही.

११ फेब्रुवारी

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय सापडली. हात कितीही थरथरला तरी रेघ गुळगुळीत येते. ती सोय थेट शंभरावर नेऊन ठेवली. आता मी हात पुढे नेतो आणि रेघ मागून सावकाश चालत येते, आई बाजारातून माझ्यामागून येते तशी. पुढे जाऊन थांबावं लागतं. पण पोचते.

१६ फेब्रुवारी

चुकलेली रेघ पुसायचं बटण मी डाव्या अंगठ्याखाली घेतलं आहे. दिवसभर उजवा हात काढतो आणि डावा पुसतो. आज सकाळी टेबलावर चहा सांडला, तर अंगठा आपसूक टेबलावर दाबला गेला. चहा कपात परत गेला नाही. बायकोने हे पाहिलं आणि फडकं दिलं.

वेळापत्रकाप्रमाणे आजपासून रंग. शरीररचना राहिली आहे. अंगात कपडे असले की शरीररचना तशीही दिसत नाही, हा मुद्दा सरांना लिहून कळवला. उत्तर नाही. विचारात पडले असावेत.

२० फेब्रुवारी

पोर्टफोलिओ इंटरनेटवर लोकांसमोर ठेवला. पाच जंगलं आणि एक ड्रॅगन. ड्रॅगन धुक्यात आहे, त्यामुळे शेपटी तेवढी दिसते. धुक्याचा ब्रश उत्तम आहे. गेम आणि कार्टून बनवणाऱ्या चार स्टुडिओंना मेल पाठवले. सहीत 'कन्सेप्ट आर्टिस्ट' लिहिलं.

चित्रं तिघांना आवडली. बायको, मेहुणा आणि बुटांचं एक दुकान.

२३ फेब्रुवारी

एका गेम स्टुडिओचं उत्तर आलं. म्हणतात, सध्या आमच्याकडे झाडं पुरेशी आहेत. गमतीने लिहिलं असणार. म्हणजे पहिल्याच पत्रात मोकळेपणा आला आहे.

बाकी तिघांकडून काहीच नाही. इतकी चित्रं बघायला वेळ लागतो.

२५ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवतो, पुढे मुलाखतीत विचारतील.

दुपारी आई समोर मटार सोलत बसली होती. मी नवीन जंगल उघडत होतो. तिने विचारलं, माझं काढतोस का. आणि मी काही म्हणायच्या आत केस मागे सारले, चष्मा सरळ केला आणि हसली. आईचं हसू एका बाजूला जरा जास्त आहे, डाव्या गालावर तीळ आहे तिकडे. मी काढत गेलो. पुसायचं बटण फारसं लागलं नाही. तासाभराने स्क्रीनवर चेहरा होता, आणि तो आईचाच होता.

कसा आला ते मला माहीत नाही. हे फक्त इथे लिहितोय. बाहेर विचारलं तर शरीररचनेचा अभ्यास म्हणून सांगणार आहे.

आई कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, मी अशी दिसते होय, बरी दिसते की. बायकोने फोनमध्ये त्याचा फोटो घेतला आणि आपल्या भावाला पाठवला. माझ्या जंगलांचा तिने कधी फोटो घेतला नव्हता.

२ मार्च, सकाळी अकरा

फोन. प्रत्यक्ष संपादिकेचा. मेहुण्याच्या कॉलेजातली मैत्रीण, मुलांची पुस्तकं काढते. मेहुण्याने तिला आईचं चित्र दाखवलं होतं. ती म्हणाली, मला हीच म्हातारी हवी आहे.

गोष्ट अशी: एक म्हातारी आणि तिचं बदक. बदक हरवतं. म्हातारी सगळीकडे शोधते, रडकुंडीला येते. शेवटी घरी येऊन बघते, तर बदक तिच्याच पांघरुणात झोपलेलं. सोळा पानं, सोळा चित्रं. दोन आठवड्यांत सगळी कच्ची चित्रं दाखवायची. जमलं तर याच म्हातारीची आणखी पुस्तकं आहेत. अख्खी मालिका.

मी शांतपणे म्हटलं, माझं वेळापत्रक बघून सांगतो. फोन ठेवला, वेळापत्रक बघितलं, लगेच फोन करून हो म्हणून टाकलं.

३ मार्च

आईला सांगितलं की पुस्तकात ती असणार. तिने दोनदा विचारलं, कव्हरवर पण का. मी म्हटलं, कव्हरवर तर नक्कीच. दुपारी मावशीला फोन केलेला ऐकला. संध्याकाळी गोळ्या आणायला गेली तेव्हा औषधवाल्यालाही सांगून आली. तो म्हणाला, दुकानात एक प्रत ठेवू. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर नातवासाठी आत्ताच मागून ठेवली.

मी दिवसभर सही कशी करायची ते ठरवलं. सही कव्हरवर उजवीकडे खाली. बदकाच्या पायाशी.

५ मार्च

साहेबांना फोन केला. कामाने मनगटाला पट्टी बांधावी लागली हे आधी सांगितलं, मग स्पष्ट सांगितलं की मी परत येईन असं धरून चालू नका. साहेब म्हणाले, नक्की का. मी म्हटलं, माझ्या हातात मालिका आहे. साहेब म्हणाले, अभिनंदन, पण तुझी जागा मी महिनाअखेरपर्यंत अशीच धरून ठेवतो, पुढे मला वरून विचारतील. मी म्हटलं, तुमची मर्जी. दया केली माणसावर.

६ मार्च

पान एक झालं. म्हातारी दारात उभी, बदक पायाशी. आईचा चेहरा तयार होताच, तो उचलून ठेवला. बदक पहिल्या फटक्यात आलं. बदक सोपं असतं.

९ मार्च

पान दोन. म्हातारी बदकाला दाणे टाकते. चेहरा जरा वळलेला हवा. काढला. मावशी आली.

पुन्हा काढला. कोणीतरी पहिलवान आला.

तिसऱ्यांदा काढला. साहेब. चष्म्यासकट.

बायको मागून बघत होती. म्हणाली, हे तीन वेगळे लोक आहेत. मी म्हटलं, घराण्याचं साम्य आहे. ती म्हणाली, कोणत्या घराण्याचं.

१० मार्च

सॉफ्टवेअरने अपडेट घेतला आणि सगळी बटणं हलवली. चेहरा न येण्याचं खरं कारण सापडलं. कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. त्यात दुपार गेली.

संध्याकाळी पुन्हा पान दोन. आता म्हातारी तरुण दिसते आहे, आणि थोडी घाबरलेली. खुर्चीही चुकीची आहे. उंच आहे. एवढ्या उंचीवरून म्हाताऱ्या काढता येत नाहीत.

१२ मार्च

सरांना विचारलं, एकच माणूस पुन्हा पुन्हा कसा काढायचा. सरांनी लिहिलं: त्याच माणसाला सगळ्या बाजूंनी बघून निदान पन्नास डोकी काढा, म्हणून तर ठोकळे सांगितले होते, डोकं म्हणजे आधी ठोकळाच.

चार दिवस राहिलेत आणि हा मनुष्य ठोकळ्यांवरून हलत नाही.

१३ मार्च, दुपारी

सुटलं. इतकं सोपं होतं की हसू आलं.

डिजिटल चित्र थराथराने काढतात. केस एका लेअरवर, साडी दुसऱ्या, बदक तिसऱ्या. म्हणजे डोकं एकदा चांगलं आलं आहे ना, मग ते पुन्हा काढायचं कशाला. आईच्या डोक्याचा वेगळा लेअर केला. आता तेच डोकं पानापानावर ठेवायचं. लांब असेल तर लहान, जवळ असेल तर मोठं. उजवीकडे बघायचं तर आरशात फिरवल्यासारखं उलटं. खाली बघायचं तर तिरकं.

धड मात्र प्रत्येक पानावर नवं काढतोय. त्यात कसूर नाही. मोठमोठ्या स्टुडिओंत असंच चालत असणार.

१४ मार्च

सगळी सोळा पानं तयार. दोन दिवस आधी. आई बघायला आली. एकेक पान बघत म्हणाली, अगंबाई, सगळीकडे मीच. मग म्हणाली, तीळ इकडून तिकडे गेला बघ. मी म्हटलं, वळल्यावर तसं दिसतं. ती आरशापाशी जाऊन वळून बघून आली आणि पुढचं पान बघायला लागली. मोठ्या मनाची आहे.

पाठवलं. उरलेल्या वेळात मालिकेच्या पुढच्या भागांचा विचार केला. म्हातारी समुद्रावर. म्हातारी विमानात. डोकं तयारच आहे.

१८ मार्च

संपादिकेचा फोन. बदकाचं फार कौतुक. बदकाच्या चेहऱ्यावर भाव आहेत म्हणाली. मी म्हटलं, हो, त्याच्यावर बरंच काम केलं.

मग तिने विचारलं, पान नऊवर बदक हरवलेलं आहे, म्हातारी तळ्याकाठी एकटी बसली आहे, तर ती हसते का आहे.

मी म्हटलं, ती दुःखातही हसणारी बाई आहे. खोल पात्र आहे. संपादिका म्हणाली, वाचणारी मुलं पाच वर्षांची आहेत. मग म्हणाली की ऑफिसात तिने दोघांना पानं दाखवली आणि दोघांनाही वाटलं, बदक म्हातारीनेच खाल्लं.

तिला सगळं कळलंय. म्हणाली, डोकं एकच आहे, हे दिसतं. पण पान एकवरचा चेहरा तिला अजून हवाच आहे. म्हणून एक संधी. फक्त पान नऊ पुन्हा काढायचं, खरं दुःखी. ते आलं तर बाकीची पानंही मीच करायची. नाही आलं तर दुसरी एक चित्रकार आहे, तिला विचारावं लागेल. शुक्रवारी सत्तावीसला द्यायचं.

एक चेहरा. त्यात काय आहे. मालिका माझीच आहे.

१९ मार्च

चित्र न पुसता ओढून वाकडं करायचं एक साधन आहे. त्याने आईच्या हसण्याची दोन्ही टोकं खाली ओढली. भुवया मधून वर केल्या. बायकोला विचारलं, कशी वाटते. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, अशी पेशंट माझ्याकडे गेल्या आठवड्यात आली होती, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली होती. कोणत्या स्नायूचं काय झालंय तेही बोट लावून दाखवलं.

डॉक्टरी नजरेच्या माणसाला कलेत भावना दिसत नाहीत.

२० मार्च

मूळ चेहरा आईचा, तर दुःखही आईचंच घ्यावं, हे आज लक्षात आलं. तिला समोर बसवलं. म्हटलं, आई, दुःखी बस. ती म्हणाली, बसते की. मी पेन उचललं. ती हसली.

म्हटलं, हसू नकोस. तिने ओठ मिटले आणि डोळ्यांनी हसायला लागली. म्हटलं, काहीतरी वाईट आठव. ती म्हणाली, थांब, आठवते. आठवता आठवता तिला बाबा आठवले, बाबा एकदा नव्या चपला घालून पाहुण्यांसमोर घसरले ते आठवलं, आणि मग तिला हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. तासभर गेला.

२१ मार्च

युक्ती केली. आईला सांगितलं, तुझा चष्मा हरवला. पेन लपवून तयार बसलो. ती म्हणाली, डोळ्यावर आहे की रे, तुला बरं वाटत नाही का. आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

नंतर आरशासमोर बसून माझाच चेहरा दुःखी करून काढला आणि आईच्या केसांत बसवला. बायको म्हणाली, हा तू आहेस, रजा नाकारल्यावरचा.

२३ मार्च

जुने फोटो काढून बसलो. एवढ्या वर्षांत कुठेतरी आईचा एक तरी उतरलेला चेहरा असेलच. नाही. लग्नात हसते आहे, माझ्या शाळेच्या फाटकाशी हसते आहे, घर बदललं तेव्हा खोक्यांवर बसून हसते आहे. बाबा गेले त्या वर्षीचा एक फोटो आहे. त्यातही हसतेच आहे. तो मीच काढला होता.

मग फोटो बाजूला ठेवून डोळे मिटले आणि तेव्हा ती कशी दिसत होती ते आठवायला लागलो. रडली असणार. मी घरातच होतो. लोकांना फोन करत होतो, खुर्च्या मोजत होतो. तिचा चेहरा काही आठवेना. दारावरचा पोचा असता तर आठवला असता.

हे मनाला फार लागलं. आज पुढे काही केलं नाही.

२५ मार्च

कंटाळा आला आहे या म्हातारीचा. सकाळपासून चौदा वेळा काढली, चौदा बायका. त्यातली एक तर मिशीवाली. मनगट ठणकतंय. डावा अंगठाही. शेजारी भिंतीला भोकं पाडताहेत. बायको म्हणाली, थोडा बाहेर फिरून ये. मी तिच्यावर ओरडलो की तुला माझी मालिका नकोच आहे. ती म्हणाली, मला तुझा हात हवा आहे, धड. आणि शांतपणे माझं मनगट पुढ्यात घेऊन चोळत बसली. मी सॉरी म्हटलं नाही. उद्या म्हणेन.

२६ मार्च

उपाय सापडला. म्हातारीला पाठमोरी बसवली. तळं, संध्याकाळ, पाठ, वाकलेले खांदे. थोडं धुकं. चेहऱ्याचा प्रश्नच मिटला. उलट जास्त परिणाम होतो. दुःख दाखवायचं नसतं, ते समजून घ्यायचं असतं, असं मेलमध्ये लिहून एक दिवस आधीच पाठवलं.

बायकोला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, पाठ छान आली आहे, मणका बरोबर आहे. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मालिका नक्की आहे. आईने मावशीला पुन्हा फोन केला.

३० मार्च, सकाळी

फोन नाही. चर्चा चालू असेल. एकदम हो म्हटलं की चित्रकार भाव खातात, हे त्यांना माहीत असणार.

३० मार्च, दुपारी

फोन आला. संपादिका फार नीट बोलली. म्हणाली, पाठ चांगली आहे, पण मुलांना पाठ नको, त्यांना चेहरा लागतो. त्या दुसऱ्या चित्रकार मुलीने पान नऊ करून पाठवलंय आणि ते बघून ऑफिसात दोघांनीही विचारलं, बदक सापडतं ना. पुस्तक तिला दिलं आहे. तिची म्हातारी वेगळी दिसते.

मी विचारलं, बदक. ती म्हणाली, बदक छानच होतं, पण एकाच पुस्तकात दोन हात शोभत नाहीत, तेही तीच काढेल.

मी म्हटलं, काही हरकत नाही, माझ्याकडे तसंही वेळ कमी होता.

३० मार्च, संध्याकाळी

साहेबांना फोन केला. म्हटलं, काही कलात्मक मतभेद झाले. साहेब म्हणाले, हो का. मग म्हणाले, ऑफिसात मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की तुझं मनगट दुखतंय म्हणून रजेवर आहेस, तेव्हा येताना ती पट्टी बांधून ये. मला त्यांचा राग आला आणि बरंही वाटलं.

बायकोला सांगितलं. ती जवळ येऊन बसली. म्हणाली, आईंना तू सांगायचंस, मी नाही सांगणार.

उद्या सांगतो.

३१ मार्च

सकाळी सांगणार होतो. आई मावशीशी बोलत होती. दुपारी ती झोपली. संध्याकाळी औषधवाला तिला विचारत होता की पुस्तक कधी येणार, आणि ती त्याला सांगत होती की अहो, अशा कामांना वेळ लागतो. मी दुकानाबाहेर पिशवी घेऊन उभा होतो. आत गेलो नाही.

१ एप्रिल

आज सांगितलं. चहा झाल्यावर, ती खिडकीपाशी बसली होती तेव्हा. म्हटलं, आई, पुस्तक दुसऱ्या एका मुलीकडे गेलं. तिने विचारलं, म्हणजे त्यात मी नाही. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, आणि तू. म्हटलं, मीही नाही.

 मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिलो. भुवया वर गेल्या नव्हत्या. ओठांची टोकं खाली आली नव्हती. मी दोन आठवडे जे जे ओढलं आणि वाकवलं, त्यातलं काहीही झालं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं, फक्त ती ते धरून ठेवत नव्हती. आणि ती स्वतःसाठी तशी नव्हती. खिडकीबाहेर नाही, माझ्या मनगटावरच्या पट्टीकडे बघत होती.

हे पान नऊ. इतका वेळ याच घरात होतं.

मला आईचं फार वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी माझा हात पेन शोधत होता, हेही इथे लिहून ठेवतो. पुस्तक गेलं होतं, ते कोणाला पाठवायचं नव्हतं, तरीही. टॅबलेट मांडीवर घेतला. हळूच म्हटलं, आई, हलू नकोस, अशीच बस.

तिने पेन पाहिलं. केस मागे सारले, चष्मा सरळ केला आणि हसली.

म्हटलं, असं नको, आत्ता होतीस तशी बस. ती म्हणाली, आत्ता कशी होते. मला सांगता येईना. मी दाखवायला स्वतःचा चेहरा तसा करून बघितला, तर ती आणखीच हसली. म्हणाली, काढ बाबा, काय यायचं ते येईल.

काढलं. हुबेहूब आलं आहे, हसरं.

सोमवारपासून ऑफिस.